गर्भारपणातील रक्तदाब : न दुखणारे दुखणे

गर्भवतीचा रक्तदाब वाढतो तेव्हा बहुतेक वेळा तिला काहीच जाणवत नाही. ताप नसतो, कळ नसते, चक्करही नसते. सून नेहमीप्रमाणे घरात वावरत असते, तिचे डोहाळे पुरवले जात असतात आणि नेमाच्या तपासणीला गेल्यावर यंत्रावर १५०/१०० हा आकडा उमटतो. त्यावर घरातून निघणारा पहिला उद्गार ठरलेला असतो : "पण तिला त्रास तर काहीच नाही!" खरा धोका आकड्यापेक्षा या उद्गारात अधिक असतो. औषधाची चिठ्ठी पाकिटात पडून राहते, पुढची तपासणी दुकानातील गर्दीचे दिवस सरल्यावर करू म्हणून ढकलली जाते आणि उपचाराचा मोलाचा अवधी हातचा जातो.

जगभरातील मातामृत्यूंच्या कारणांत रक्तस्रावाखालोखाल क्रमांक लागतो तो गर्भारपणातील उच्च रक्तदाबाचा. महाराष्ट्राने मातामृत्यू कमी करण्यात मोठी मजल मारली आहे. २०१८–२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचे मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते आणि राज्यांत केरळनंतर आपलाच क्रमांक होता. परंतु सरासरीचा आकडा डोंगरातील वाट दाखवीत नाही. पाटणसारख्या तालुक्यात ती वाटच निर्णायक ठरते.

कोयनेच्या काठी वसलेले पाटण गुहागर–विजापूर मार्गावर आहे. एका दिशेला सुमारे ३५ किलोमीटरवर कराड, दुसऱ्या दिशेला कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. पण अत्यवस्थ गर्भवतीसाठी लागणारा अतिदक्षता विभाग, रक्तपेढी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा काचेच्या पेटीतील उपचार यांसाठी कराड, सातारा किंवा मिरज–सांगली गाठावी लागते. मोरणा, तारळी, वांग यांच्या खोऱ्यांतील गावांना तर आधी पाटण किंवा कराडच गाठायचे असते. उन्हाळ्यात ही वाट सोपी. पावसाळ्यात मात्र कोयनानगर–नवजा परिसरात काही वर्षी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा तालुक्यातील कित्येक रस्ते बंद पडले होते. जैन कुटुंबांसाठी हेच चार महिने चातुर्मासाचे, तपाचे आणि पर्युषणाचे. म्हणजे रस्त्याची अनिश्चितता आणि आहाराचा बदल या दोन्ही गोष्टी एकाच ऋतूत येतात. ज्या घरातील सुनेचे सातवा-आठवा महिना किंवा प्रसूतीचे दिवस आषाढ ते भाद्रपदात येणार असतील, त्या घराने हा विचार दिवस राहिल्याचे कळताच केलेला बरा.

आकड्याचा अर्थ

रक्तदाब दोन संख्यांनी सांगतात. हृदय आकुंचन पावताना रक्तवाहिन्यांवर पडणारा दाब ही वरची संख्या; दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतील दाब ही खालची. गर्भवतीमध्ये किमान चार तासांच्या अंतराने दोनदा मोजून वरची संख्या १४० किंवा अधिक, अथवा खालची ९० किंवा अधिक आढळली, तर तो उच्च रक्तदाब समजला जातो. दोन्हींपैकी एक वाढली तरी पुरे. १६०/११० हा आकडा मात्र निराळ्याच जातीचा आहे. तिथे उद्याची वाट पाहायची नसते. तासाभराच्या आत औषध सुरू व्हावे, अन्यथा मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते.

विसाव्या आठवड्याची रेषा इथे महत्त्वाची. त्याआधीच वाढलेला दाब हा बहुधा जुना असतो. लग्नाआधी कोणी मोजलेला नसतो एवढेच. विसाव्या आठवड्यानंतर प्रथमच वाढला, तर तो गर्भारपणाने आणलेला. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील बिंबाणू अथवा मेंदू यांच्यावर परिणाम दिसू लागला, की त्या अवस्थेला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. शंभर गर्भवतींपैकी सुमारे तीन ते आठ जणींना ती गाठते. पुढे झटके आले तर ती एक्लॅम्पसिया. जुन्या पिढीच्या भाषेत बाळंतपणातील आकडी.

यात एक चकवा आहे. निरोगी गर्भारपणात चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास रक्तदाब स्वाभाविकपणे थोडा उतरतो. त्यामुळे जिचा दाब मुळातच जास्त आहे, तिचाही त्या काळात ठीक दिसू शकतो. अशा वेळी सगळे निश्चिंत होतात आणि आठव्या महिन्यात तो चढला की अचानक संकट आल्यासारखे वाटते. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दाब मोजून लिहून ठेवणे म्हणूनच आवश्यक. नंतरचे सगळे आकडे त्या पहिल्या आकड्याशी ताडून पाहायचे असतात.

प्रीएक्लॅम्पसियाचे मूळ वारेत असते. गर्भाशयाच्या ज्या रक्तवाहिन्या वारेला रक्त पुरवतात, त्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंदावल्या पाहिजेत. तसे झाले नाही तर वारेला रक्त कमी पडते. ती काही द्रव्ये आईच्या रक्तात सोडते आणि त्यांमुळे आईच्या सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. हे घडते पहिल्या चार-पाच महिन्यांत आणि दिसते तीन महिन्यांनी. हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, अनेक घरांत दोष सुनेवर येतो. ती लोणचे फार खाते, मनाला लावून घेते, दुपारी झोपत नाही, अशी कारणे शोधली जातात. यांपैकी कशानेही वारेतील रक्तवाहिन्या अरुंद राहत नाहीत.

धोका कोणाला अधिक, हे मात्र पुष्कळसे सांगता येते. पुण्याचे डॉ. संजय गुप्ते आणि डॉ. गिरिजा वाघ यांनी यासाठी गुणांची एक सोपी पद्धत बसवली आहे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने, फॉग्सीने, २०१९ च्या मार्गदर्शनात तिचा अंतर्भाव केला आहे. पहिलटकरीण असणे, पस्तिशीनंतरचे गर्भारपण, रक्तक्षय, लठ्ठपणा यांना एकेक गुण. जुळे, थायरॉइडची कमतरता, मागच्या खेपेचा रक्तदाब यांना दोन. आधीपासूनचा मधुमेह, जुना रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार यांना तीन. बेरीज तीन किंवा अधिक झाली की त्या स्त्रीवर विशेष लक्ष ठेवायचे. या यादीत एक मुद्दा कुटुंबाच्या स्मरणावरच अवलंबून आहे : गर्भवतीच्या आईला किंवा बहिणीला असा त्रास झाला होता का? अनेक घरांत ही गोष्ट बोलली जात नाही. सोयरीक ठरताना ती लपवली गेली असेल, तर बाळंतपणाच्या वेळी तरी सांगितली जावी.

घरातील मोजमाप

दंडावर हवेची पट्टी आवळून दाब मोजण्याचे साधन इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केले. स्टेथोस्कोपने ठोके ऐकून दोन्ही संख्या ठरवण्याची रीत रशियातील कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. त्यापूर्वी वैद्य-डॉक्टरांना फक्त सूज आणि झटके दिसत, म्हणजे रोगाचा शेवट दिसे. आज तेच मोजमाप घरी करता येते. ज्या घरात रात्री रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानाची वही मिटत नाही, त्या घराला दोन आकडे रोज लिहिणे जड जाऊ नये.

यंत्र दंडावर बांधण्याचे घ्यावे, मनगटाचे नको. पट्टी दंडाच्या घेराला साजेशी हवी. जाड दंडावर लहान पट्टी बांधली तर आकडा खोटाच वर जातो. मोजण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे, पाच मिनिटे शांत बसावे, खुर्चीला पाठ टेकवावी, पाय जमिनीवर सरळ ठेवावेत, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर असावा आणि मोजताना बोलू नये. दुकानातील गादीवर मांडी घालून, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता घेतलेला दाब हिशेबात धरण्याजोगा नसतो. डॉक्टरांनी सांगितले असेल तर सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजून तारीख-वेळेसह वहीत लिहावे आणि घरचे यंत्र एकदा दवाखान्यातील यंत्राशी ताडून घ्यावे. एखादा आकडा जास्त आला तर घाबरून दर पाच मिनिटांनी मोजत बसण्यात अर्थ नाही. थोडी विश्रांती घेऊन पुन्हा मोजावे. तो १४०/९० च्या वर राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, १६०/११० असेल तर गाडी काढावी.

ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्यासाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. खाजगी डॉक्टरांकडे नाव घातलेल्या स्त्रीनेही माता व बाल संरक्षण कार्ड काढून घ्यावे. अडचणीच्या रात्री अनोळखी रुग्णालयात ते कार्डच तिची ओळख सांगते.

व्रत, पथ्य आणि गोळीची वेळ

गर्भारपणात चालणारी रक्तदाबाची औषधे मोजकी आहेत : लॅबेटालॉल, हळूहळू विरघळणारी निफेडिपिन आणि मिथाइलडोपा. तीस-पस्तिशीतील अनेक स्त्रिया आधीपासून टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल अशा गोळ्या घेत असतात. या गोळ्या गर्भाच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. अशा स्त्रीने मूल हवे असे ठरवतानाच औषध बदलून घ्यावे. दिवस राहिल्यावर कळले तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. मात्र घरच्या घरी सर्वच गोळ्या बंद करणे हा उपाय नव्हे.

लॅबेटालॉल आणि मिथाइलडोपा बहुधा दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागतात. इथे जैन घरात एक अडचण उभी राहते आणि ती बहुतेक वेळा डॉक्टरांच्या कानावर जातच नाही. सूर्यास्तानंतर चौविहार असल्याने रात्रीची गोळी चुकते. सून सांगत नाही, सासूबाईंना वाटते दोन गोळ्या पुरेशा आहेत, आणि डॉक्टर आकडा उतरत नाही म्हणून मात्रा वाढवतात. खरे तर दोन्ही बाजूंनी मार्ग आहे. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना चौविहाराची कल्पना दिली, तर काही औषधांच्या वेळा बदलता येतात, दिवसातून एकदा-दोनदा घेण्याचा प्रकार निवडता येतो. आणि जिथे रात्रीची मात्रा अटळ आहे, तिथे पच्चक्खाणाच्या विधीतच सोय आहे. दुविहारात पाणी आणि औषध घेता येते. शिवाय रोगाने समाधी भंगू नये यासाठीचा आगार, म्हणजे सवलत, पच्चक्खाणात पूर्वापार आहेच. गुरुमहाराजांना किंवा साध्वीजींना विचारून गर्भारपणाचे महिने त्याप्रमाणे ठरवून घेतले, की मनावर ओझे राहत नाही. रक्तदाब वाढलेल्या गर्भवतीने निर्जळी उपवास, अट्ठाई किंवा चालू वर्षीतप यांविषयी निर्णय एकटीने घेऊ नये. दिवसभर पाणी नसेल तर तिच्या मूत्रपिंडांवरचा ताण वाढतो, गोळ्याही चुकतात. दशलक्षण पर्वात एकासन करणाऱ्या स्त्रियांनाही हे लागू आहे.

मिठाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. अळणी जेवणाने प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही किंवा बराही होत नाही. उलट अन्नावरची वासना जाते. पापड, लोणची, फरसाण, खाकऱ्यावरचा मसाला यांचा अतिरेक टाळून घरचे नेहमीचे जेवण ठेवणे पुरेसे. दिवसभर अंथरुणावर पडून राहणेही उपयोगी ठरलेले नाही. त्याने पायांतील रक्त गोठण्याचा धोका मात्र वाढतो. खोकल्यासाठी किंवा घसा बसला म्हणून चघळल्या जाणाऱ्या जेष्ठमधाने मात्र रक्तदाब खरोखर वाढतो, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

कॅल्शियमचे महत्त्व सिद्ध आहे. ज्यांच्या आहारात ते कमी असते, अशा स्त्रियांना गर्भारपणात ते दिल्यास प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण घटते. भारत सरकारच्या सूचनेनुसार चौदाव्या आठवड्यापासून रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिल्या जातात. बेंगळुरू आणि टांझानियात प्रत्येकी अकरा हजार गर्भवतींवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ५०० मिलिग्रॅमही १५०० इतकेच उपयोगी ठरले. म्हणजे एखादी गोळी जड जाते म्हणून सारेच सोडून देण्याचे कारण नाही. काही कॅल्शियमच्या गोळ्या शिंपल्यांपासून बनतात, तर काही कॅप्सूलांचे आवरण जिलेटीनचे असते. वेष्टन वाचावे, औषधविक्रेत्याला विचारावे. खनिज कॅल्शियमच्या गोळ्या सहज मिळतात. लोहाची गोळी आणि कॅल्शियम मात्र एकाच वेळी घेऊ नयेत. पाटणच्या डोंगरातील नाचणी, तीळ, राजगिरा आणि दूध यांचे ताटात स्थान आहेच; पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळीऐवजी ते नव्हे.

धोक्याच्या यादीत बसणाऱ्या गर्भवतीला डॉक्टर अल्प मात्रेत अॅस्पिरिनही देतात. तिचा खरा उपयोग सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केल्यासच होतो. ती सहसा रात्री घेण्यास सांगतात. चौविहार असेल तर सूर्यास्तापूर्वी घेतलेली चालेल का, हे विचारावे. स्वतःहून ती सुरू करण्याचे धाडस मात्र कोणी करू नये.

कधी थांबायचे नाही

पायांवरची सूज बहुतेक गर्भवतींना असते. ती एकटी असेल तर घाबरण्याचे कारण नाही. चेहरा व हात एकाएकी सुजणे, बांगड्या-अंगठी घट्ट होणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसरपणा, धाप, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर दिवस किंवा रात्र पाहायची नाही. सर्वांत फसवे लक्षण म्हणजे उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खड्ड्यात होणारी कळ आणि उलटी. तिला पित्त समजून घरोघरी सोडा, लिंबूपाणी किंवा आम्लपित्ताची गोळी दिली जाते. सातव्या महिन्यानंतर अशी कळ आली तर आधी रक्तदाब मोजावा; ती सुजलेल्या यकृताची कळ असू शकते.

झटके आले तर बाईला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, पाणी, कांदा काहीही घालू नये आणि १०८ ला फोन करावा. यावरचे औषध स्वस्त आणि जुने आहे : मॅग्नेशियम सल्फेट. २००२ मध्ये ३३ देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांच्या अभ्यासातून सिद्ध झाले की, ते वेळेवर दिल्यास प्रीएक्लॅम्पसियात झटके येण्याचा धोका निम्म्याने कमी होतो. त्याची अमेरिकेत ठरलेली मात्रा भारतीय स्त्रियांच्या वजनाला जास्त होते, हे ओळखून सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी मात्रेची पद्धत आखली व २००३ मध्ये ती प्रसिद्ध केली. घराने लक्षात ठेवायचे ते असे की, पहिली मात्रा जवळच्या आरोग्य केंद्रातही देता येते. "आधी कराडला चला" म्हणून वाटेतले केंद्र टाळून धावण्यापेक्षा तिथे पहिले इंजेक्शन घेऊन, चिठ्ठीवर वेळ लिहून घेऊन पुढे जाणे पुष्कळदा अधिक सुरक्षित असते.

या आजाराचा खरा उपचार प्रसूती हाच. प्रीएक्लॅम्पसिया असेल तर सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर थांबण्यात लाभ नसतो; तो तीव्र असेल तर चौतीस आठवड्यांनंतर, आणि आईच्या जिवावर बेतत असेल तर त्याआधीही प्रसूती करावी लागते. मुहूर्तासाठी किंवा पूर्ण दिवस भरावेत म्हणून दोन-चार दिवस मागून घेण्याचा आग्रह अशा वेळी धरू नये.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे आणखी एक फट पडते. ओटीभरण झाले की मुलगी पाटणहून सांगलीला, किंवा सांगलीहून पाटणला जाते. सहा महिन्यांचे कागद सासरच्या कपाटात राहतात आणि माहेरचे डॉक्टर पहिल्यांदाच तिला पाहतात. त्यांच्यासमोर १३६/८८ हा आकडा येतो. तो सामान्यच वाटतो. तिसऱ्या महिन्यात तो १००/६० होता हे त्यांना कळले असते, तर त्यांनी तिला आठवड्याने पुन्हा बोलावले असते. रक्तदाबाची वही, सोनोग्राफी, लघवी-रक्ताचे अहवाल, चालू गोळ्यांची पाने हे सारे ओटीच्या साहित्यासोबतच पिशवीत जावे. रक्तदाब वाढलेला असेल आणि दिवस पावसाळ्यात असतील, तर माहेर कोणते यापेक्षा रुग्णालय किती जवळ आहे हे पाहून मुक्काम ठरवावा. कराड किंवा मिरजेतील नातेवाइकांकडे शेवटचे पंधरा दिवस राहण्यात संकोच बाळगू नये.

बाळंतपणानंतर

बाळ हाती आले की घराला हायसे वाटते. रक्तदाब मात्र बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत जास्त चढतो, म्हणजे नेमका घरी परतण्याच्या सुमारास. गर्भारपणात दाब कधीच वाढला नव्हता अशा स्त्रीलाही या दिवसांत झटके येऊ शकतात. त्यामुळे बाळंतिणीची डोकेदुखी ही कानाला वारा लागल्याने, जागरणाने किंवा मणक्यात दिलेल्या इंजेक्शनने आहे असे ठरवण्यापूर्वी दंडाला पट्टी बांधावी. ज्यांचा दाब वाढला होता त्यांची पहिल्या आठवड्यात, पुन्हा दहाव्या दिवसाच्या आत आणि सहा आठवड्यांनी तपासणी व्हायला हवी. सूतक किंवा सव्वा महिन्याचा नेम पाळणाऱ्या घरात नर्सला किंवा डॉक्टरांना बोलावून घेता येते. स्तनपान करताना चालतील अशा गोळ्या असतात. दूध पाजायचे म्हणून औषध बंद करू नये. डिंकाचे लाडू, खारीक, तूप यांना हरकत नाही, गोळी मात्र त्यांच्या आधी.

सहा आठवड्यांनी बहुतेकींचा दाब पूर्ववत होतो आणि विषय संपल्यासारखा वाटतो. तथापि ज्या स्त्रीला प्रीएक्लॅम्पसिया झाला, तिला पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. रक्तदाब आणि मधुमेहही लवकर गाठू शकतात. तिने वर्षातून एकदा दाब, साखर आणि वजन पाहावे. चाळिशीत कधी छातीत दुखले, तर समोरच्या डॉक्टरांना वीस वर्षांपूर्वीच्या त्या बाळंतपणाची हकीकत अवश्य सांगावी. पुढच्या खेपेला पाळी चुकल्याबरोबर जुनी फाईल घेऊनच पहिली भेट घ्यावी, कारण अॅस्पिरिनचा निर्णय त्यानंतरच्या थोड्याच आठवड्यांत करायचा असतो.